सहरीआधीच जागा असलेला माणूस

रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात पहाटे चारच्या सुमारास खिडक्यांत दिवे लागू लागतात. एकामागून एक मोबाईलचे गजर वाजतात, कुठे तवा चढतो, कुठे एखादी आई मुलाला तिसऱ्यांदा हाक मारते. सहरीची ही वेळ मला लहानपणापासून आवडते. अख्खे घर एकाच वेळी जागे असते आणि डोळे चोळत का होईना, एका दस्तरखानावर बसते.

गेल्या रमजानचे शेवटचे दहा दिवस मी सांगलीला मामूंकडे होतो. पहिल्याच रात्री पाणी प्यायला उठलो, तर मामू गॅलरीत खुर्चीवर बसलेले दिसले. घड्याळात दीड वाजला होता.

"मामू, सहरीला अजून तीन तास आहेत."

"माहीत आहे, बेटा. रातराणीच्या ड्रायव्हरला रात्री झोप लागते का कधी?" असे म्हणून ते हसले. मीही हसलो आणि जाऊन झोपलो.

दुसऱ्या रात्री ते तिथेच होते. तिसऱ्या रात्रीही होते, खांद्यावर ओला टॉवेल टाकून. त्या हसण्यावर मी पहिल्या रात्री समाधान मानायला नको होते, असे आज वाटते.

मामूंनी तीस वर्षे एसटी चालवली. त्यातली बरीच वर्षे सांगली-मुंबई रातराणीवर काढली. पन्नास माणसे मागे झोपलेली असताना आपण जागे राहायचे, हा त्यांच्या अभिमानाचा विषय. निवृत्तीनंतर काही वर्षांनी लघवीला त्रास सुरू झाला. वयोमान म्हणून त्यांनी तो अंगावर काढला. एका सकाळी लघवी पूर्ण अडली तेव्हा दवाखाना गाठावा लागला. रक्तातील पीएसएची तपासणी झाली, बायोप्सी झाली, हाडांचे स्कॅनिंग झाले. निदान निघाले ते प्रोस्टेटचा कर्करोग, हाडांपर्यंत पोहोचलेला. दर तीन महिन्यांनी हार्मोनचे इंजेक्शन आणि रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. औषधाला गुण आला, पीएसएचा आकडा झपाट्याने खाली उतरला. डॉक्टर समाधानी होते, आम्हीही पेढे वाटले. रात्री काय चालले आहे, हे मात्र आमच्यापैकी कुणीच विचारले नव्हते.

आज मला याच प्रश्नाविषयी लिहायचे आहे. या आजाराच्या पुरुषांची झोप उडते आणि झोपेबरोबर मनाची उभारी जाते. ही किरकोळ तक्रार नाही, वयाचा भाग नाही आणि सब्र करून सोसायची गोष्ट तर मुळीच नाही. ती आजाराचा आणि उपचाराचाच एक भाग आहे. तिच्यावर इलाज आहे. पण त्यासाठी आधी कुणीतरी विचारावे लागते आणि कुणीतरी सांगावे लागते.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्यामधून जाते. उतारवयात ही ग्रंथी अनेकांची वाढते आणि ती प्रत्येक वाढ कर्करोगाची नसते, हे आधी सांगितले पाहिजे. पण कर्करोगही कमी नाही. २०२२ मध्ये जगभरात या आजाराचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाखालोखाल त्याचा क्रमांक लागतो. आपल्याकडे बरेच रुग्ण आजार पसरल्यावरच डॉक्टरांपर्यंत येतात. तरीही आजच्या औषधांमुळे अनेकांना पुढची कित्येक वर्षे मिळतात. म्हणूनच ती वर्षे, आणि त्यातल्या रात्री, कशा जातात हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मामूंच्या रात्रीचा हिशेब आम्ही नंतर मांडला, तेव्हा झोप मोडण्याची कारणे एक नव्हे, चार निघाली.

पहिले कारण सगळ्यांना माहीत असलेले, लघवी. आजारामुळे, शस्त्रक्रियेनंतर किंवा रेडिएशनमुळे मूत्राशय चिडखोर होते. रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागते. रमजानमध्ये यात आणखी भर पडते. रोजा नसला तरी घरातला बुजुर्ग इफ्तारला सर्वांबरोबर बसतो. सरबत, फळे, सूप, मग तरावीहनंतरचा चहा. दिवसभराचे पाणी चार तासांत पोटात जाते आणि रात्रभर त्याची वसुली चालते.

दुसरे कारण अंगातली आग. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी हार्मोनवर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो. चार्ल्स हगिन्स या शास्त्रज्ञाने हे नाते १९४१ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले. आजही पसरलेल्या आजारात उपचाराचा पाया तोच आहे. इंजेक्शनने किंवा वृषण काढून हे हार्मोन बंद केले जाते. पण ते बंद झाले की शरीराचे तापमान सांभाळणारी मेंदूतली व्यवस्था गडबडते. एकाएकी छातीपासून चेहऱ्यापर्यंत गरम लाट उठते, दरदरून घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. रात्री असे दोन-तीनदा झाले की झोप कुठली?

तिसरे कारण दुखणे. आजार हाडांत असेल तर कंबर, मांडी, पाठ रात्रीच जास्त ठणकते. दिवसा चार माणसांत ते विसरले जाते, रात्री विसरायला काहीच नसते.

चौथे कारण विचार. पुढचा पीएसए कधी, आकडा वाढला तर काय, औषधाचा खर्च किती दिवस चालेल, आपल्यामागे हिचे कसे होईल. तपासणीच्या आधीचा आठवडा तर सगळा जागरणातच जातो.

ही चार कारणे वेगवेगळी आहेत आणि चारांवरचे उपायही वेगळे आहेत. पण आपला पुरुष या सगळ्याला एकच उत्तर देतो: "लघवीला उठलो होतो." हे उत्तर सोपे आहे. त्यात भीती कबूल करावी लागत नाही.

मामूंच्या बाबतीत हे उत्तर मोडले ते मुमानींनी. एका रात्री त्यांनी मामूंची भिजलेली बनियन पाहिली. ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग मामूंनी अडखळत सांगितले, अंगातून वाफ निघते, कान तापतात, जीव घाबरा होतो. मुमानी क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे तर मला पन्नाशीत दोन वर्षं होत होतं. तुम्ही तेव्हा ड्युटीवर असायचा."

हा प्रसंग मामूंनीच मला सांगितला. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्या पाण्याची त्यांना लाज वाटली. मी त्यांना सांगितले की रडू येणे हादेखील या औषधाचा परिणाम असू शकतो. हार्मोन बंद झाल्यावर चिडचिड, उदासी, थकवा आणि एकाएकी भरून येणे हे अनेक रुग्णांना होते. ज्या त्रासातून घरातली बाई कुणाला न सांगता गेली, त्याच त्रासातून आता नवरा जात असतो. दोघांनी बोलायचे ठरवले तर तिच्याइतकी जाणकार सोबत दुसरी कुठली मिळणार?

पण पुरुष बोलत नाहीत आणि याला शिक्षण किंवा हुद्दा आड येत नाही. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांच्यावर डिसेंबर २०२३ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. १ जानेवारी २०२४ ला गुंतागुंत होऊन त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागले. तरीही खुद्द राष्ट्राध्यक्षांना कित्येक दिवस याचा पत्ता नव्हता. फेब्रुवारीत पत्रकारांसमोर येऊन त्यांनी माफी मागितली आणि हे खासगी ठेवावे हीच आपली पहिली भावना होती, असे मान्य केले. सैन्यात चार दशके काढलेला माणूस जर या आजाराचे नाव घ्यायला कचरतो, तर आमच्या मोहल्ल्यातल्या निवृत्त ड्रायव्हरला काय दोष द्यायचा?

या न बोलण्यामागे काय आहे, हे आपण स्पष्ट बोलू. हा आजार आणि त्याचे उपचार पुरुषाच्या ज्या भागाशी निगडित आहेत, त्यावर आपल्याकडे एकतर विनोद होतात किंवा काहीच बोलले जात नाही. लैंगिक इच्छा कमी होते, क्षमता जाते, शस्त्रक्रियेनंतर काहींची लघवी थेंब थेंब गळते. "आता आपण पुरुष उरलो नाही" हे वाक्य तो कुणालाही ऐकवत नाही, पण स्वतःला रोज रात्री ऐकवतो. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत या रुग्णांमध्ये नैराश्याचा, अगदी आत्महत्येचाही धोका वाढतो, हे मोठ्या पाहण्यांतून दिसले आहे. झोप नसलेल्या मनाला हा अंधार अधिक दाट वाटतो. झोप गेली की मन खचते आणि मन खचले की उरलीसुरली झोपही जाते.

आमच्या समाजात या लाजेला आणखी एक पदर आहे. लघवी गळते म्हणजे कपडे पाक राहिले नाहीत, वजू टिकणार नाही, मग मशिदीत कसे जायचे? मामूंचे एक दोस्त शस्त्रक्रियेनंतर आठ महिने जुम्म्यालाही गेले नव्हते. घरी कारण सांगायचे, गुडघे दुखतात. पाच वेळा भेटणारी माणसे तुटली. त्यानंतरच त्यांची रात्र जास्त लांब झाली.

वास्तविक शरियतमध्ये अशा माणसासाठी "माजूर" हा शब्द आहे आणि त्याच्यासाठी सवलत आहे. त्याने प्रत्येक नमाजच्या वेळी नव्याने वजू करावी, पॅड लावावे आणि निर्धास्त नमाज पढावी. त्या नमाजदरम्यान थेंब गळल्याने ती बाद होत नाही. उभे राहवत नसेल तर खुर्चीवर बसून पढावी. बारीकसारीक तपशील आपल्या आलिमांना विचारावेत, पण मूळ सवलत पक्की आहे. आमचे इमामसाहेब वर्षभर वजूचे मसले सांगतात. त्यातला एक जुम्मा या मसल्यासाठी दिला, तर मशिदीत न येणारे किती बुजुर्ग परत येतील! त्याच्या जोडीला मशिदीत एक बसायचे स्वच्छतागृह, दाराजवळच्या शेवटच्या ओळीत दोन खुर्च्या आणि तरावीह सुरू असताना कुणी उठून बाहेर गेले तर त्याच्याकडे न बघण्याची रीत, एवढे पुरे आहे.

रोजाचेही तसेच. आजारी माणसाला रोजा माफ आहे. बरे झाल्यावर कजा करावी आणि बरे होण्याची आशा नसेल तर एका गरजूच्या जेवणाचा फिदिया द्यावा, असे सरळ सांगितले आहे. तरी मामूंनी डॉक्टरांना न विचारता रोजे धरले आणि सकाळच्या गोळ्या इफ्तारनंतर घ्यायला सुरुवात केली. त्यातली एक गोळी स्टेरॉइडची होती. ही गोळी सकाळी देतात त्याला कारण आहे. संध्याकाळी घेतली तर ती मेंदूला जागे ठेवते. दुसरी गोळी उपाशीपोटी घ्यायची होती, ती मामू भजी आणि खजुरानंतर घेत होते. म्हणजे ज्या महिन्यात मी त्यांना गॅलरीत पाहिले, त्या महिन्यात त्यांचे जागरण आम्हीच वाढवून ठेवले होते. रोजा धरायचाच असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन प्रत्येक गोळीची वेळ ठरवून घ्यावी. ते नाही म्हणाले तर तो नकार रहमत समजून स्वीकारावा.

सर्वात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे सब्र. नातेवाईक येतात, हात हातात घेतात आणि म्हणतात, "सब्र करा, अल्लाह शिफा देईल." त्यांचा हेतू चांगला असतो. पण रुग्ण त्याचा अर्थ असा घेतो की तक्रार करणे म्हणजे ईमान कमजोर असणे. सब्रचे उदाहरण म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो, त्या हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांनीही आपली पीडा अल्लाहपुढे बोलून दाखवली होती. हजरत याकूब अलैहिस्सलाम पुत्रविरहाने इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे पडले. कुरआनने ही दुःखे लपवलेली नाहीत. दुःख सांगितल्याने सब्र मोडत नाही. मग डॉक्टरपुढे, बायकोपुढे, मुलापुढे सांगितल्याने ते कसे मोडेल?

आता उपायांकडे येऊ. मामूंच्या डॉक्टरांना आम्ही प्रथमच झोपेबद्दल बोललो, तेव्हा त्यांनी एक साधी गोष्ट करायला सांगितली. दोन आठवडे एका वहीत लिहायचे: किती वाजता आडवे झालो, किती वेळा उठलो आणि कशामुळे. लघवी, घाम, दुखणे की विचार. ड्रायव्हरला नोंदी ठेवायची सवय होतीच. त्या वहीमुळे पुढच्या भेटीतली पाच मिनिटे सार्थकी लागली. "बरं आहे" या उत्तरावर कोणताही डॉक्टर उपचार करू शकत नाही, आकड्यांवर करू शकतो.

पाणी दिवसा प्यायचे आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास चहा आणि सरबत कमी करायचे. लघवीसाठी औषधे आहेत. मधुमेह असेल तर तो तपासायचा, कारण वाढलेली साखरही रात्री उठवते. घामाच्या लाटांसाठी सुती कपडे, पंखा, हलके पांघरूण आणि त्रास फार असेल तर त्यावरही औषध मिळते. दुखण्याची गोळी दुखू लागल्यावर घेण्याऐवजी ठरलेल्या वेळी घेतली तर रात्र सुसह्य होते. मात्र पाठदुखी एकाएकी वाढली, पायांतले बळ गेले किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचे. मणक्यातली नस दबल्याची ती खूण असू शकते.

विचारांनी मोडणाऱ्या झोपेसाठी गोळीपेक्षा सवयींचा उपचार आधी करावा, असे आज डॉक्टरांच्या मोठ्या संस्था सांगतात. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संस्थेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी हीच शिफारस केली. त्याचे नियम ऐकायला साधे आहेत. रोज एकाच वेळी उठायचे. पलंग फक्त झोपेसाठी ठेवायचा. झोप येत नसेल तर कूस बदलत न बसता उठून दुसऱ्या खोलीत शांत बसायचे आणि डोळे जड झाल्यावरच परत यायचे. दुपारची झोप लांबवायची नाही. रमजानमध्ये हे अवघड आहे, कारण सगळ्या घराचेच घड्याळ बदलते. म्हणून रोजा नसलेल्या रुग्णाला प्रेमापोटी सहरीला उठवू नये. त्याला लागलेली दोन तासांची झोप ही त्या पहाटेची सर्वात किमती गोष्ट असते.

शेजारच्याने दिलेली झोपेची गोळी मात्र घेऊ नये. हार्मोनच्या उपचाराने हाडे ठिसूळ झालेली असतात. गुंगीत रात्री बाथरूमकडे जाताना पाय घसरला तर खुब्याचे हाड मोडते. त्यापेक्षा वाटेत एक छोटा दिवा लावावा. दिवसा चालणे आणि थोडा व्यायाम यांचा उपयोग अधिक आहे. या उपचारातला थकवा विश्रांतीने कमी होत नाही, हालचालीने कमी होतो, हे वारंवार दिसून आले आहे.

आणि मन फारच खचले असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हरकत का असावी? मोठ्या कर्करोग रुग्णालयांत आता मनाच्या उपचारासाठीही डॉक्टर असतात. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. घरात बसून बोलता येते.

माझी डॉक्टरांनाही एक विनंती आहे. ओपीडीतली गर्दी आम्ही पाहतो, तुमच्यावरचा ताण कळतो. पण पीएसए विचारता तसे "झोप कशी आहे?" एवढे तीन शब्द विचारा आणि उत्तर कागदावर लिहा. कागदावर आलेली गोष्ट आमच्याकडे खरी मानली जाते. मामूंना त्या प्रश्नाने जी मोकळीक मिळाली, ती आमच्या महिनाभराच्या समजावण्याने मिळाली नव्हती.

मामू पूर्ण बरे झालेले नाहीत. आजही ते रात्री दोनदा उठतात, तपासणीच्या आदल्या रात्री तर डोळा लागत नाही. पण आता सलग चार-पाच तास झोपतात. त्यांचे ते दोस्त पुन्हा जुम्म्याला येतात, शेवटच्या ओळीतल्या खुर्चीवर बसतात. मामू जागे झाले की मुमानींना तसे सांगतात. त्या उठून बसतात, कधी बोलतात, कधी नुसत्या बसतात. रातराणीत ड्रायव्हरशेजारी एक कंडक्टर असतो, तसे.

रमजानमध्ये आपण रात्री जागतो. अकरा महिने एकटा जागणाऱ्या माणसाला या एका महिन्यात सोबत मिळते आणि म्हणूनच त्याचे जागरण आपल्या नजरेतून निसटते. आज सहरीला उठाल तेव्हा घरातल्या बुजुर्गांकडे एकदा नीट बघा. ते तुमच्याआधीच उठून बसलेले असतील तर "झोप झाली का?" असे विचारू नका, त्याला ते हो म्हणतील. "कधीपासून जागे आहात?" असे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.